संधिवात

ज्याने जन्मभर मुलांकडून संधिप्रकरण घोकून घेतले, त्याने उतारवयात मोटारसायकलीच्या सांध्याविषयी लेख लिहावा, हे वाचकांस थोडे विनोदी वाटेल. वाटल्यास नवल नाही. माझे स्वतःचे वाहनज्ञान सायकलीच्या पलीकडे कधी गेले नाही, आणि यंत्रशास्त्राचा अभ्यास म्हणाल तर तो मॅट्रिकच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी सुरू होऊन तेथेच संपला. तथापि गेल्या वर्षी आमच्या घरी मूठभर रबराच्या एका तुकड्यावरून जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यातून कोणाच्या जिन्याखाली पडलेल्या गाडीला उपयोग झाला तर तोही व्हावा.

आमच्या वाईच्या घरात माडीवर जाणारा जिना आहे आणि त्या जिन्याखाली १९९९ सालापासून एक यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल जुन्या चादरीखाली उभी होती. ती माझ्या धाकट्या भावाची. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. नावात १०० असले तरी तिचे इंजिन ९८ सीसीचेच. वजनाला हलकी, आवाजाला खणखणीत, आणि पळण्याला अशी की तरुण मंडळी अजूनही तिचे नाव काढले की हळवी होतात. आमचा धाकटा त्यांतलाच. शिरवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. वाईहून सुरूरचा फाटा, तेथून खंबाटकीचा घाट, खंडाळा आणि मग शिरवळ असा त्याचा रोजचा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास असे. पगार तो आणून माझ्या हाती देई. वडिलांच्या पश्चात घराचा हिशेब मजकडे होता.

१९९९ च्या उन्हाळ्यात एके दिवशी संध्याकाळी शिरवळहून परतताना, घाट चढत असता, गाडीचे इंजिन एकाएकी जाम झाले. मागचे चाक जागच्या जागी अडकले. त्याने क्षणार्धात क्लच दाबला म्हणून चाक सुटले आणि तो पडला नाही. मागून येणारा ट्रक त्याच्या अंगावरून न जाता बाजूने गेला. गाडी टेंपोत घालून रात्री घरी आणली. मी ओसरीवरच उभा होतो. "वेग आवरत नाही तर वाहन घेऊ नये," एवढे बोलून मी आत गेलो. तो काही बोलला नाही. गाडी जिन्याखाली गेली आणि तो सकाळी सहाच्या एसटीने जाऊ लागला. पुढे त्याने दुरुस्तीसाठी पैसे कधी मागितले नाहीत. मीही कधी विचारले नाही. २०२१ साली तो गेला. तोपर्यंत त्याचे जाणे-येणे एसटीनेच चालले होते.

त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आता कमावता आहे. गेल्या वर्षी त्याने चादर काढली आणि म्हणाला, "मोठे काका, बाबांची गाडी मी चालू करतो." मी मान हलवली. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही न बोलता आत गेली.

गाडी ज्याच्याकडे दिली तो मेकॅनिक माझाच एके काळचा विद्यार्थी. सवर्णदीर्घ त्याला अखेरपर्यंत जमले नाही. पण इंजिनाच्या बाबतीत त्याचे कान असे तयार आहेत की मला मनातल्या मनात लाज वाटली. आम्ही मास्तर मंडळी मुलांची परीक्षा कोठल्या पेपरावर घेतो! त्याने अडकलेला पिस्टन बाहेर काढला, सिलिंडरला बोअर मारून घेतले, नवा पिस्टन बसवला, आणि पंचवीस वर्षांनी इंजिनाने आवाज दिला. परंतु आवाज सरळ नव्हता. गाडी उभ्या जागी हळूहळू चालू राहायची तर ती आपोआप चढ्या आवाजाने ओरडू लागे. मूठ सोडली तरी आवाज खाली येईना. मेकॅनिकने कार्बोरेटरच्या मागे, इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याचा बारीक फवारा मारला. त्याबरोबर आवाज बदलला.

"गुरुजी, इथून हवा ओढतेय," तो म्हणाला. "रबर कडक झालंय."

ते रबर म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. कार्बोरेटर हे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे पात्र. त्याच्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो, आणि त्या ओढीने पेट्रोल बारीक तुषारांच्या रूपाने वर येते. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण. हे मिश्रण इंजिनात शिरण्यापूर्वी ज्या आखूड नळीतून जाते ती रबराची असते. एका बाजूस ती धातूच्या पट्टीशी जोडलेली असून स्क्रूंनी इंजिनाच्या तोंडावर बसते. दुसऱ्या बाजूस तिच्यात कार्बोरेटरचे टोक घालून वरून क्लिप आवळतात. रबर अशासाठी की इंजिनाची थरथर आणि उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोचू नये. दुसरे एक रबर पलीकडच्या बाजूस, हवा गाळणाऱ्या डबीपासून कार्बोरेटरपर्यंत येते. या दुसऱ्या रबराला चीर गेली तर धूळ आत जाते, मिश्रणही थोडेफार बिघडते. पण पहिल्याला चीर गेली तर गोष्ट फार निराळी. कार्बोरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात पुढे वाटेत न मोजलेली हवा शिरते. पेट्रोलाचे प्रमाण घटते. आत येणाऱ्या पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने इंजिनाचे अंतरंग काही अंशी थंड राहत असते, तेही कमी होते आणि ज्वलन अधिक तापते. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. चढावर, पूर्ण मूठ पिळलेली असता, फुगलेला पिस्टन लोखंडी सिलिंडरला घट्ट धरतो आणि सारे जागच्या जागी थांबते.

या रबराला कारागीर लोक 'कार्बोरेटर जॉइंट' म्हणतात. जॉइंट म्हणजे सांधा. सांध्यात वायू शिरणे या रोगाला आमच्या शास्त्रात जे नाव आहे ते मी मेकॅनिकला सांगितले, तेव्हा तो मनापासून हसला. म्हणाला, "म्हणजे हिला संधिवात झालाय."

रबर कडक का होते, हे मी पुतण्याकडून समजून घेतले. रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. नुसता चीक उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापविण्याची युक्ती सापडली आणि साखळी-साखळीत गंधकाचे पूल बांधले गेले. पूल मोजके असले म्हणजे रबर ताणते आणि पूर्ववत होते. पण नैसर्गिक रबर पेट्रोलात फुगते, म्हणून अशा नळ्या बहुधा नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराच्या करतात, जे १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत निघाले. त्याची खोड अशी की उष्णता आणि प्राणवायू यांच्या सहवासात साखळ्यांमधले बंध वर्षानुवर्षे वाढतच जातात. शिवाय ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली तेले पेट्रोल हळूहळू धुऊन नेते. हवेतला ओझोन, जेथे रबर ताणलेले असेल नेमके तेथे, बारीक भेगा पाडतो. गाडी चालली काय, चादरीखाली उभी राहिली काय, हे चालूच असते.

मेकॅनिकने दोन्ही रबरे काढून माझ्या हातात दिली. नखाने दाबून पाहिले तर नख रुतेना. जुन्या वहाणेच्या तळव्यासारखी ती झाली होती. पुतण्या म्हणाला, "काका, नवीन आणू. बाजारात मिळतात." तो बरोबर सांगत होता, पण मला ते पटेना. हा गाडीचा मूळचा भाग, धाकट्याच्या हातचा, वापरता येण्याजोगा असेल तर टाकावा कशासाठी? जुनी वस्तू दुरुस्त करून वापरावी हा आमच्या पिढीचा बाणा, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा गर्वही. मी म्हटले, चार दिवस मला द्या.

उपाय पुतण्यानेच कोठून तरी वाचून सांगितला होता. त्यासाठी लागणारे तेल ऐकून मी चकितच झालो. ते होते गंधपुरा तेल! नीलगिरीत आणि खासी टेकड्यांवर होणाऱ्या एका झुडपाच्या पानांपासून ते निघते. आमची आई गुडघ्याला लावी त्या मलमाचा वास याचाच. सांध्यांचे तेल सांध्यालाच लावायचे होते. एक भाग हे तेल आणि तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेच्या झाकणबंद बरणीत घालायचे, रबर स्वच्छ धुऊन कोरडे करून त्यात बुडवायचे, आणि दर काही तासांनी काढून दाबून पाहायचे. अधिक ठेवल्यास रबर बेसुमार फुगते. आयुर्वेदात पंचकर्मापूर्वी स्नेहन आणि स्वेदन सांगितले आहे. हे स्नेहनच झाले. स्वेदनासाठी बरणीतून काढल्यावर ते रबर गरम पाण्यातही धरून पाहिले.

ज्या घरात लहान मुले आहेत तेथे मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे तेल वासाला गोड असले तरी पोटात गेल्यास विष आहे. चमचाभर तेलात सुमारे सात ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसांहून अधिक गोळ्या. आमच्या घरी पुतणीची दोन वर्षांची मुलगी येऊन-जाऊन असते, म्हणून बरणी मी कुलुपात ठेवली. अल्कोहोल पेट घेते; देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून ती लांब, गच्चीतल्या खोलीत होती. हातांत रबरी मोजे घालावे हे मी शिकलो, पण दुसऱ्या दिवशी.

डबीकडचे रबर एका रात्रीत आश्चर्यकारक मऊ झाले. थोडे फुगलेही, पण दोन दिवस उघड्यावर ठेवताच पुष्कळसे मूळ मापावर आले. हा गुण कायमचा नव्हे हे सांगितले पाहिजे. तेल हळूहळू उडून जाते आणि रबर काही महिन्यांनी पुन्हा ताठ होऊ लागते. साखळ्यांमधले वाढलेले बंध काही तेलाने मोडत नाहीत. म्हाताऱ्याचा गुडघा मालिशीने सैल होतो, तरुण होत नाही, तसेच हे. तरी त्या जागी एवढे पुरेसे होते, कारण ते पुन्हा चढविताना तडकू नये आणि दोन्ही टोकांस नीट बसावे एवढेच हवे होते.

सांध्याच्या रबराची गोष्ट वेगळी झाली. सकाळी बरणी उघडली तेव्हा त्याच्या अंगावरचा काळा थर सुटून तळाशी पडला होता. मळ समजून मी तो चिमट्याने उचलला. तो मळ नव्हता. सायकलच्या ट्यूबची अंगठ्याएवढी रुंद पट्टी होती, दोन वेढे घेऊन, टोक आत खोचून बांधलेली. वर्षांच्या तेलकटपणाने ती रबराशी एकजीव झाली होती, म्हणून आम्हां कोणासच दिसली नव्हती. ट्यूबचे रबर तेलात फुगले आणि सुटले. तिच्याखाली नळीला अर्ध्या परिघाइतकी चीर होती.

ती पट्टी माझ्या सायकलच्या ट्यूबची होती. पंक्चरचा जुना गोल ठिगळ तिच्यावर अर्धा कापलेला दिसत होता, आणि तो मीच लावलेला.

मी पट्टी कागदात गुंडाळली आणि माडीवर जाऊन हिशेबाच्या वह्यांचा पेटारा उघडला. १९९९ ची वही सापडायला वेळ लागला नाही. माझ्या वह्या सालवार लावलेल्या असतात. घाटातल्या त्या प्रसंगाच्या आधीच्या महिन्यात, माझ्या अक्षरात, एक ओळ होती: मोटारसायकल, रबर, रु. ८५. रकमेच्या रकान्यात आकडा नव्हता. त्या जागी लिहिले होते, पुढील महिन्यात पाहू. त्याच पानावर चार ओळी वर दुसरी नोंद होती: आपट्यांच्या कोशाची पुठ्ठाबांधणी, रु. १४०. ही रक्कम मात्र रकान्यात होती.

त्या कोशाची बांधणी अजून शाबूत आहे. मी लिहीत आहे त्या मेजावरच तो आहे.

जुना पिस्टन मेकॅनिकने टाकला नव्हता. मी त्याच्याकडे गेलो आणि विचारले, हे जाम होण्याचे कारण कळते का. त्याने पिस्टन उजेडात फिरवून धुराड्याकडच्या बाजूचे उभे ओरखडे मला दाखविले. तो म्हणाला, "गुरुजी, नुसत्या ओरखड्यावरून शपथ घेता येत नाही. पण हवा ओढणाऱ्या गाडीचा पिस्टन असाच जातो. अशा गाडीवर घाट चढला तर वेग कमी असो की जास्त." एवढे बोलून तो गप्प राहिला. कशासाठी विचारतो हे त्याने विचारले नाही. सवर्णदीर्घ न येणाऱ्या त्या मुलाचे हे शहाणपण मला त्या दिवशी फार मोठे वाटले.

घरी आल्यावर मी वही घेऊन धाकट्या भावजयीपाशी गेलो. आमच्याकडे जेठाने भावजयीशी असे बसून बोलण्याचा प्रघात नाही. तिनेही पदर सावरला आणि उभीच राहिली. मी पान दाखविले, पट्टी दाखविली, आणि जे सांगावयाचे ते सांगितले. माझा आवाज वर्गातल्यासारखा राहिला नाही.

ती म्हणाली, "दादा, ते मला ठाऊक आहे. घाटातून आले त्या रात्रीच त्यांनी सांगितलं होतं. वर म्हणाले, दादाला कळू देऊ नकोस, उगाच वहीत लिहून ठेवील."

आणि ती हसली. मला वाटले होते ती रडेल. मग तिने विचारले, "ते रबर नवीन आणणार आहात ना? मुलगा त्याच घाटाने जाणार आहे."

तोपर्यंत माझ्या मनात एक वेडी आशा होती की चिरेला काही लेप लावून, वरून नवी पट्टी बांधून, मूळचा भाग राखता येईल. त्या एका प्रश्नाने ती नाहीशी झाली. कार्बोरेटरच्या अलीकडचे रबर मऊ करून वापरणे हा काटकसरीचा प्रश्न आहे. पलीकडचे वापरणे हा जिवाचा. तेथे चीर सांधणारा लेप टिकत नाही. साध्या सिलिकॉनच्या लेपाला पेट्रोल सोडवते आणि त्याचे तुकडे आत जातात. चीर नसली तरी रबर धातूच्या पट्टीपासून आतून सुटलेले असू शकते, आणि ते वरून दिसत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळच्या रबराने ते कधी चाखले नव्हते.

मी आणि पुतण्या एसटीने पुण्यास गेलो. स्वारगेटवरून नाना पेठ फार लांब नाही. तेथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि जी गाडी १९९६ साली बंद झाली तिचे भागही मिळतात. अर्थात त्यांत नकला फार. कंपनीचे नाव छापलेल्या पिशवीतून निघालेला प्रत्येक भाग अस्सल असतोच असे नाही. मी जुने रबर बरोबर नेले होते. तीन दुकानांतली रबरे मेजावर मांडून मी उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. भोकांचे अंतर जुन्याशी जुळते का. आतली कड गुळगुळीत आहे की साच्याचा काठ राहिला आहे. धातूची पट्टी सपाट आहे की नाही, हे काचेवर ठेवून. आणि दाबल्यावर रबर लगेच परत येते का. एक दुकानदार कंटाळून म्हणाला, "आजोबा, एवढं बघून लोक सोनं घेतात." तिसऱ्या दुकानातले घेतले. पैसे मी दिले. पुतण्याने खिशात हात घातला होता. मी तो धरला.

बसविताना मेकॅनिकने मला मुद्दाम बोलाविले. इंजिनाच्या तोंडावरचा जुना कागदी पॅकिंगचा अंश त्याने खरवडून काढला, नवे पॅकिंग ठेवले, आणि स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. एकच स्क्रू आधी घट्ट केला तर पट्टी वाकते आणि नव्या रबरातूनही हवा शिरते. क्लिप त्याने बेताने आवळली. डबीकडे माझे तेल पाजलेले रबर चढले. ते चढताना त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली, एवढेच माझ्या चार दिवसांच्या उपचारांना मिळालेले प्रमाणपत्र.

इंजिन सुरू झाले. मूठ वर नेली, सोडली. आवाज खाली आला आणि खालीच राहिला. पुन्हा पाण्याचा फवारा मारला. काही फरक पडला नाही. पुतण्या पुनःपुन्हा मूठ पिळून सोडीत होता आणि प्रत्येक वेळी तो आवाज येऊन स्थिर होई. मेकॅनिक त्याला म्हणाला, पहिले पाचशे किलोमीटर दामटू नकोस, नवा पिस्टन आहे.

पुढच्या रविवारी तो आईला मागे बसवून मेणवलीपर्यंत जाऊन आला. ती जाते असे कोणालाच वाटले नव्हते. परत आली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि ती सरळ चहा टाकायला आत गेली.

हिशेब लिहिण्याचे काम आता पुतण्याची बायको मोबाइलवर करते. वह्या बंद होऊन आठ-नऊ वर्षे झाली. त्या रात्री मी १९९९ ची वही पुन्हा काढली. त्या पानावर तळाशी दोन ओळींची जागा शिल्लक होती. तेथे मी तारीख घालून लिहिले: मोटारसायकल, रबर, रु. ३५०. रक्कम रकान्यात मांडली. ट्यूबची पट्टी त्याच पानात ठेवली. गंधपुऱ्याचा वास वहीला लागला आहे, आणि पेटारा उघडला की आईच्या खोलीची आठवण येते.